कासा लोमा: गढीचे रूप आणि विजेचा पैसा

कॅनडातील टोरोंटो शहराच्या एका टेकडीवर 1911 ते 1914 या काळात उभारलेला कासा लोमा हा वाडा बाहेरून मध्ययुगीन युरोपातील गढीसारखा दिसत असला, तरी त्याचा पाया विसाव्या शतकातील भांडवलावर उभा होता. त्याचे मालक सर हेन्री पेलॅट हे सरदार घराण्यातील नव्हते. शेअर दलालीच्या पेढीतून पुढे आलेल्या पेलॅट यांनी 1883 मध्ये टोरोंटो इलेक्ट्रिक लाइट कंपनीच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि विजेच्या धंद्यावर अमाप पैसा मिळवला.

वास्तुरचनाकार ई. जे. लेनॉक्स यांनी या वाड्यासाठी प्रामुख्याने गॉथिक पुनरुज्जीवन शैली वापरली. मध्ययुगीन चर्च आणि किल्ल्यांतील टोकदार कमानी, बुरूज आणि कंगोरेदार भिंती नव्या बांधकामात पुन्हा योजणारी ही शैली अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये रुजली आणि पुढे साम्राज्यभर पसरली. मुंबईतील राजाबाई टॉवर हे तिचेच फलित होय. मुंबईत मात्र ती विद्यापीठ, न्यायालय, रेल्वे अशा संस्थांच्या इमारतींतून दिसते, तर टोरोंटोत ती एका नवश्रीमंत व्यावसायिकाच्या 98 खोल्यांच्या निवासस्थानाला लाभली. सुमारे 300 कामगारांनी उभारलेल्या आणि अंदाजे 35 लाख डॉलर खर्च झालेल्या या वाड्यात विजेवर चालणारी लिफ्ट, दूरध्वनी आणि भिंतींत बसवलेल्या नळ्यांतून धूळ ओढून घेणारी यंत्रणा अशा तत्कालीन अद्ययावत सोयी होत्या.

हे वैभव टिकले नाही, कारण जुन्या सरदारवाड्यांमागे जमिनीच्या महसुलाचा जो स्थिर आधार असे, तो येथे नव्हता. ऑन्टॅरिओ प्रांताने 1906 मध्ये जलविद्युत आयोग नेमून वीजपुरवठा सार्वजनिक क्षेत्रात आणण्यास सुरुवात केली आणि पेलॅट यांच्या विजेच्या उत्पन्नाचा आधार सुटू लागला. पहिल्या महायुद्धामुळे जमिनींच्या व्यवहारांतील त्यांच्या अपेक्षा फोल ठरल्या, आणि जिचे मोठे कर्ज पेलॅट यांच्यावर होते ती होम बँक 1923 मध्ये बुडाली. मालमत्ता कराचा बोजाही असह्य झाल्याने त्यांना वाडा सोडावा लागला आणि 1924 मध्ये आतील मौल्यवान सामानाचा लिलाव झाला. थकलेल्या करापोटी 1933 मध्ये नगरपालिकेने वाडा ताब्यात घेतला, तेव्हा तो पाडण्याचाही विचार झाला. परंतु 1937 पासून किवानिस या समाजसेवी क्लबने तो पर्यटकांसाठी चालवायला घेतला. ज्या वास्तूचा खर्च एका धनिकाला दहा-बारा वर्षेही झेपला नाही, ती पुढे प्रेक्षकांच्या तिकिटांवर तगली.