मात्स्यन्याय आणि काचेतला समुद्र

मोठा मासा लहान माशास गिळतो, हा सृष्टीचाच नियम आहे, असे सांगून जगातील पुष्कळ अन्यायांवर पांघरूण घालण्यात येते. कामगारांत वावरताना हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. परंतु कौटिल्याने अर्थशास्त्रात मात्स्यन्याय सांगितला तो समर्थनासाठी नव्हे. दंड नसेल तेथे बलवान दुर्बळास ग्रासतो, म्हणून व्यवस्था हवी, असे त्याचे म्हणणे. माशांची साक्ष माशांकडूनच घ्यावी, म्हणून खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीचा इतिहास आम्ही आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

१८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. तेथे समुद्र नाही. तेव्हा तेच पाणी उघड्या खिडकीपाशी रोज अर्धा-पाऊण तास या भांड्यातून त्या भांड्यात ओतून त्यात हवा खेळवावी लागे. हे काम घरची मोलकरीण करी. थिनबाईंचे नाव ग्रंथांत राहिले; जिच्या मनगटांच्या जोरावर प्रवाळ जगले, तिला इतिहासाने मोलकरीण एवढेच म्हटले. पुढे त्या पाण्यात सागरी वनस्पती आल्या. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासा, वनस्पती आणि कुजकी पाने खाणारी गोगलगाय यांचा मेळ गोड्या पाण्यात घालून दाखविला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि १८५४ साली गॉसचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाल्यावर घरोघर पेट्यांचे वेड पसरले.

तरीही पुष्कळ पेट्यांतले मासे मरत. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया होतो व तो विषारी असतो. सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइट व मग बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. योगायोग असा की, वॉरिंग्टनच्या त्याच नावाच्या मुलाने जमिनीतील या क्रियेचा रोथॅमस्टेड येथे अभ्यास केला. १८९०च्या सुमारास विनोग्राडस्कीने हे जंतू वेगळे काढले. म्हणून नवी पेटी मांडल्यावर हे जंतू वाढण्यास चारसहा आठवडे द्यावे लागतात.

आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. रत्नागिरीत कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राने मत्स्यालय मांडले. ते पाहून मुले घरी पेटीचा हट्ट धरतात, आणि मग सोबत्यांचा प्रश्न येतो.

शंभर लिटरच्या पेटीत विदूषक माशांची एक जोडी व एखादा लहान गोबी, एवढे कुटुंब पुरे. विदूषक मासे सारे नर म्हणूनच वाढतात. जोडीतला मोठा मादी होतो. हेकरू आणि तांबोशी पिल्ले असताना गोंडस दिसतात. पण त्यांना मोठेपणी ही पेटी पुरणार नाही. सिंहमासा भांडत नाही. तोंडात मावेल ते गिळतो. त्यास कोणतीही व्यवस्था शाकाहारी करणार नाही. त्याची पेटी वेगळीच हवी. उलट डॅम्सेल बोटभर लांबीचा, पण एकदा कपार बळकावली की नवागतास जगू देत नाही. म्हणून तो घ्यावयाचाच तर सर्वांच्या शेवटी, आणि कपारी भरपूर ठेवून. समुद्रघोडा तर संथपणे खाणारा. चपळ सोबत्यांत त्याच्या अंगावर एक ओरखडा नसतानाही तो उपासमारीने मरतो. २००१ सालापासून वन्यजीव कायद्याचे त्यास संरक्षण आहे. तो पाळण्याचा विचारच नको.

यावरून दिसते ते असे की, कोण कोणास मारतो हे केवळ आकारावर ठरत नाही. जागा किती, आसरा किती, अन्न कोणाच्या तोंडी आधी जाते, यांवर बरेचसे ठरते. आणि या तिन्ही गोष्टी पेटी मांडणाऱ्याच्या हाती असतात. तेव्हा पेटीत मासा मेला तर सृष्टीच्या नियमास दोष देण्यापूर्वी मांडणी तपासावी. मासा घेताना तो वाढून केवढा होतो, काय खातो, आणि पैदास केलेला आहे की प्रवाळातून धरलेला, हे तीन प्रश्न दुकानदारास विचारावेत, एवढीच आमची विनंती आहे.