जर्सीसाठी तिरका मराठी फॉन्ट कसा निवडायचा? 'शीळफाटा' लिहून तपासा

टेनिस क्रिकेट किंवा कबड्डीच्या जर्सीवर जाड, कोनदार आणि उजवीकडे झुकलेली अक्षरं आपण पाहतोच. हा डिस्प्ले फॉन्टचा प्रकार. म्हणजे मोठ्या आकारात, दोन-चार शब्दांपुरता वापरायचा. इंग्रजीत असे फॉन्ट भरपूर आहेत, मराठीत मात्र जपून निवडावं लागतं.

इटॅलिक बटण नेमकं काय करतं?

फॉन्टमध्ये वेगळी इटॅलिक फाईल नसेल तर सॉफ्टवेअर सरळ अक्षरंच ढकलून तिरकी करतं. वेबच्या सीएसएस नियमात हा कोन साधारण 14 अंश धरलाय. 8 सेंटीमीटर उंच अक्षराचं वरचं टोक सुमारे 2 सेंटीमीटर उजवीकडे सरकतं. शिरोरेषा आडवीच राहते, काना मात्र झुकतो. त्यामुळे 'स्फूर्ती'सारख्या शब्दात वेलांटी आणि रफार यांची गर्दी होऊ शकते.

कोणते फॉन्ट घ्यावेत?

- टेको: अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा, 2014 चा. चौकोनी घडण, त्यामुळे जर्सीला शोभतो.
- खंड: त्याच फाउंड्रीचा. अरुंद, म्हणून लांब नावं बसतात.
- अनेक देवनागरी: मुंबईच्या एक टाइपचा. जाडी आणि रुंदी दोन्ही बदलता येतात.

तिन्ही गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि पैसे घेऊन केलेल्या कामातही चालतात. तिन्हींत वेगळं इटॅलिक नाही, तिरकेपणा आपणच द्यायचा. 10-12 अंश पुरे.

'शीळफाटा' टेस्ट

फॉन्ट कोणताही असो, आधी हा शब्द टाईप करा.

- श: मराठी आणि हिंदी वळणाचा श वेगळा दिसतो. आपल्याला हवा तोच आलाय ना?
- ळ: काही फुकट फॉन्टमध्ये ळ नसतोच. मग फोन दुसऱ्या फॉन्टमधून तो उचलतो आणि जाड शब्दात एकच अक्षर बारीक दिसतं.
- फ: जाडी वाढवल्यावर आतली पोकळी बुजते का?
- टा: शेवटच्या कान्याचं टोक चौकटीबाहेर कापलं जात नाही ना?

प्रिंटरकडे काय पाठवायचं?

व्हॉट्सॲपवर नुसतं नाव टाईप करून पाठवू नका. अनेक दुकानांत अजून श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टवर काम चालतं. युनिकोड मजकूर त्यात जसाच्या तसा उतरत नाही, पुन्हा टाईप करावा लागतो, आणि तिथेच ळ चा ल होतो. त्यापेक्षा अक्षरांचे आउटलाईन केलेली पीडीएफ किंवा पारदर्शक पीएनजी पाठवा. पीएनजी व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, फोटो म्हणून पाठवली तर दर्जा उतरतो.

सगळ्या जर्सी छापण्याआधी एक नमुना मागा आणि दहा पावलांवरून वाचून बघा. स्टाईल थोडी कमी पडली तरी चालेल, पण आपल्या गावाचं नाव 'शीलफाटा' व्हायला नको.