चित्रकार्डांचे मोल

सोन्याचा भाव सराफकट्ट्यावर ठरतो, धान्याचा अडत्यांच्या पेठेत. परंतु जी वस्तू खाण्याच्या वा नेसण्याच्या उपयोगाची नाही, तिचा भाव कोणी व कसा ठरवावा? अमेरिकेतील चित्रकार्डांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील तंबाखू कंपन्या सिगारेटच्या पाकिटात पुठ्ठ्याचे छोटे चित्र घालीत. त्याने पाकीट ताठ राही आणि गिऱ्हाईकही टिके. बेसबॉलपटूंची चित्रे मुले आवडीने जमवू लागली. पण कोणते कार्ड कोणत्या मालिकेतले, याचा मेळ नव्हता. आणि ज्यास नाव नाही त्याचा भाव कसा करावयाचा?

हे काम सिरॅक्यूज येथील जेफरसन बर्डिक यांनी अंगावर घेतले. ते कारखान्यात नोकरी करीत आणि संधिवाताने जर्जर झाले होते. १९३९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेली सूची पुढे ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ या नावाने मान्यता पावली. प्रत्येक मालिकेस त्यांनी अक्षर व अंक दिला. १९०९ ते १९११ या काळातील एका मालिकेचे ‘टी २०६’ हे त्यांनी दिलेले नाव आजही रूढ आहे. साधी कार्डे काही सेंटांची. पण त्या मालिकेतील होनस वॅग्नर यांच्या कार्डापुढे त्यांनी ५० डॉलर लिहिले. वॅग्नर यांच्या हरकतीमुळे त्याची छपाई लवकरच थांबली होती. स्वतःचा तीन लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह मात्र बर्डिक यांनी न विकता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दिला. तो वह्यांत चिकटविण्याचे काम जानेवारी १९६३ मध्ये संपले. मार्चमध्ये ते निवर्तले.

पुढे व्यापार वाढला, तेव्हा संख्याशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेकेट यांनी अनेक संग्राहकांना व विक्रेत्यांना लेखी प्रश्न धाडून भाव गोळा केले. १९७९ साली एका सहकाऱ्यासह त्यांनी भावांचे पुस्तक काढले. १९८४ पासून मासिकही निघू लागले. अजाण मुलास फसविणे त्यामुळे अवघड झाले.

परंतु विश्वासाचीही एक बाधा असते. छापलेला भाव म्हणजे हाती आलेला पैसा, असे लोक मानू लागले. कंपन्यांनी अमाप कार्डे छापली, घरोघरी पेट्या भरल्या. आणि १९९० नंतरच्या दशकात त्यांना गिऱ्हाईक उरले नाही. वॅग्नर यांचे एक कार्ड मात्र २०२२ साली ७२ लाख ५० हजार डॉलरला गेले.

भावसूची झालेल्या व्यवहारांची साक्ष देते; उद्याच्या गिऱ्हाइकाची हमी देत नाही. हा भेद ज्याने ओळखला, त्यालाच तिचा खरा उपयोग.