नवा राउटर जोडला, तरी 'नो इंटरनेट'? डीएसएल मोडेमसोबत राउटर सेट करताना नेमकं चुकतं कुठे?

नवा वायफाय राउटर आणला, मोडेमला जोडला, मोबाईलमध्ये त्याचं नावही दिसलं. पासवर्ड टाकला, कनेक्ट झालं आणि खाली बारीक अक्षरांत आलं, 'नो इंटरनेट'. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड घेणाऱ्या घरांमध्ये हा प्रकार नेहमीचा आहे. अनेकदा राउटर चांगलाच असतो. इंटरनेटसाठी लॉगिन मोडेमने करायचं की राउटरने, हेच ठरलेलं नसतं.

मोडेम वेगळा, राउटर वेगळा

बीएसएनएलने २००५ मध्ये 'डेटावन' नावाने ब्रॉडबँड आणलं, ते याच तारेवरून. तारेवरचा सिग्नल संगणकाला कळेल अशा रूपात आणणं हे मोडेमचं काम. ते कनेक्शन घरातल्या फोन, टीव्ही, लॅपटॉपमध्ये वाटणं हे राउटरचं. आता बरेच मोडेम दोन्ही कामं करतात, म्हणूनच गोंधळ होतो.

दुकानात 'राउटर द्या' म्हटलं की बहुधा साधा राउटर हातात पडतो. त्याला टेलिफोनची बारीक पिन बसतच नाही. तो मोडेमच्या मागेच लावावा लागतो. मोडेम बिघडला म्हणून त्याच्या जागी असा राउटर आणला, तर पैसे वाया गेले समजा.

आधी दिवा बघा

कुठलंही सेटिंग उघडण्याआधी मोडेमवरचा 'डीएसएल' किंवा 'एडीएसएल' लिहिलेला दिवा बघा. तो स्थिर असेल तर एक्स्चेंजपर्यंतची लाईन चालू आहे. लुकलुकत राहत असेल तर सेटिंगमध्ये कितीही डोकं घातलं तरी उपयोग नाही. भिंतीतून आलेली वायर आधी स्प्लिटरच्या 'लाईन'मध्ये आणि तिथून एक वायर फोनला, एक मोडेमला, अशी जोडणी आहे ना, ते तपासा. दुसऱ्या खोलीत फोनचं एक्स्टेन्शन असेल आणि त्याला फिल्टर नसेल, तर तिथूनही खरखर आणि अडथळे येतात. पावसाळ्यात जोडांमध्ये पाणी शिरून लाईन खराब होते. तेव्हा तक्रार नोंदवणं हाच उपाय.

लॉगिन कोण करणार?

अशा कनेक्शनला साधारणपणे युजरनेम आणि पासवर्ड लागतो. या पद्धतीला 'पीपीपीओई' म्हणतात. मोडेम आणि राउटर दोघांतही तेच युजरनेम भरून ठेवलं, की गाडी अडते. मोडेम आधीच लॉगिन करून बसलेला असतो आणि राउटर दार वाजवत राहतो.

सोपा मार्ग म्हणजे लॉगिन मोडेमकडेच ठेवणं. मग राउटरमध्ये इंटरनेटचा प्रकार 'डायनॅमिक आयपी' निवडायचा आणि मोडेमच्या लॅन पोर्टमधून निघालेली वायर राउटरच्या वॅन पोर्टमध्ये लावायची. इथे एक खोच आहे. अनेक मोडेमचा आणि अनेक राउटरचा पत्ता एकच असतो, १९२.१६८.१.१. एकाच गल्लीत एकाच नंबरची दोन घरं असावीत तसं होतं. राउटरचा पत्ता १९२.१६८.१०.१ असा बदलला की प्रश्न मिटतो. ब्राउझरमध्ये हे आकडे इंग्रजीतच टाकायचे. नुसतं व्हिडिओ बघणं, व्हॉट्सॲप, ऑनलाईन क्लास एवढंच असेल, तर या मार्गाने काम भागतं.

घरातला सीसीटीव्ही बाहेरून बघायचा असेल किंवा ऑनलाईन गेममध्ये अडचण येत असेल, तर मात्र दोन यंत्रांनी दोनदा पत्ते बदलणं त्रासाचं ठरतं. तिथे मोडेमला 'ब्रिज' करतात, म्हणजे तो फक्त सिग्नल पुढे पाठवतो आणि लॉगिन राउटर करतो.

ब्रिज करताना

मोडेमला हात लावण्याआधी युजरनेम आणि पासवर्ड कागदावर लिहून घ्या. मोडेमच्या पानावर पासवर्डच्या जागी ठिपके दिसतात, त्यावरून तो कळत नाही. आठवत नसेल तर आधी कंपनीकडून मिळवा. नाहीतर जुनं सेटिंग गेलं आणि नवं लागलं नाही, अशी अवस्था होते.

मग लॅपटॉप वायरने मोडेमला जोडा, त्याचं पान उघडा आणि वॅनच्या सेटिंगमध्ये 'पीपीपीओई'ऐवजी 'ब्रिज' निवडा. तिथले 'व्हीपीआय' आणि 'व्हीसीआय' हे आकडे बदलू नका. बीएसएनएलसाठी ते ० आणि ३५ असतात. मोडेमचं स्वतःचं वायफाय बंद करा. आता मोडेमच्या लॅनमधून राउटरच्या वॅनमध्ये वायर लावा आणि राउटरमध्ये 'पीपीपीओई' निवडून युजरनेम, पासवर्ड भरा.

लगेच लागलं नाही तर घाबरू नका. एक्स्चेंजच्या बाजूला जुनं लॉगिन काही वेळ अडकून राहू शकतं. दोन्ही यंत्रं पाच-दहा मिनिटं बंद ठेवा. आधी मोडेम सुरू करा, दिवा स्थिर झाला की राउटर.

काही साईट उघडतात, काही लटकतात

गूगल चालतं, पण बँकेची साईट अर्ध्यावर थांबते? राउटरमधला 'एमटीयू' हा आकडा बघा. साधा आकडा १५०० असतो, त्यातले ८ बाइट पीपीपीओई स्वतःसाठी घेतं. म्हणून तिथे १४९२ हवा.

पासवर्डचं काम टाळू नका

जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या अनेक ग्राहकांच्या मोडेमवर मालवेअरचा हल्ला झाला. कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड तसाच ठेवलेले मोडेम त्यात सापडले आणि कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगावं लागलं. हा वायफायचा नव्हे, तर सेटिंगचं पान उघडण्याचा पासवर्ड. अनेक जण वायफायचा पासवर्ड बदलतात आणि पानाचा 'ॲडमिन' तसाच सोडतात. ब्रिज केल्यावर इंटरनेटच्या तोंडावर राउटर येतो, त्यामुळे त्याचाही बदला. 'रिमोट मॅनेजमेंट' चालू असेल तर बंद करा.

तुमच्या भागात फायबर आलं असेल, तर मात्र नवा डीएसएल मोडेम विकत घेऊ नका. फायबरचा डबा वेगळा असतो, तिथे हा मोडेम चालत नाही. साधा राउटर मात्र तिथेही वापरता येतो.