एका काडतुसाची दोन हत्यारे

1878 साली अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्ड येथील कोल्टच्या कारखान्यातून सहाबारी रिव्हॉल्व्हरचा जो एक प्रकार बाहेर पडला, त्याच्या नळीवर 'कोल्ट फ्रंटियर सिक्स शूटर' ही अक्षरे उमटवलेली होती. परंतु यंत्र म्हणून पाहिले तर त्यात अपूर्व असे काहीच नव्हते. नवे होते ते एवढेच की, ज्या काडतुसाच्या मापाने त्याच्या चक्रातील सहा घरे कातलेली होती, ते काडतूस कोल्टचे नव्हते. त्याच राज्यातील न्यू हेवन गावच्या विंचेस्टर कंपनीने ते पाच वर्षांपूर्वी आपल्या तरफेच्या रायफलीसाठी व तिच्या आखूड भावंडासाठी, म्हणजे कार्बाइनसाठी, काढले होते. एवढ्या नामांकित कारखान्याने शेजारच्या कारखान्याच्या काडतुसाला आपल्या हत्यारात जागा दिली, ती काही स्नेहापोटी नव्हे. कमरेला एक आणि खोगिराला दुसरे अशी दोन हत्यारे वागवणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन जातींचा दारूगोळा बाळगण्याची यातायात नको असते, हे व्यापाऱ्याने ओळखले होते. पिस्तुलाच्या काडतुसाची कार्बाइन पदरी बाळगावी की नाही, हा जो वाद अमेरिकेतील बंदुकीच्या दुकानांतून अजून रंगतो, त्यातील दोन्ही बाजूंचे बहुतेक मुद्दे त्याच काळात मांडून झालेले आहेत.

या हत्याराचे मूळ मात्र आणखी मागे जाते. ऑलिव्हर विंचेस्टर हा मूळचा सदऱ्यांचा कारखानदार. 'व्होल्कॅनिक' नावाच्या ज्या कंपनीत त्याने पैसा गुंतवला होता, ती कंपनी 1850 नंतरच्या दशकात एकाच दारूगोळ्यावर चालणारी पिस्तुले आणि कार्बाइनी विकत होती. पण त्या दारूगोळ्यात गोळीच्याच पोकळ बुडात चिमूटभर दारू भरलेली असल्यामुळे त्याच्या माऱ्यात काही दम नव्हता, आणि कंपनी बुडाली. तिचे अवशेष ताब्यात घेऊन विंचेस्टरने बेंजामिन टायलर हेन्री या कसबी कारागिराला कामाला लावले, आणि 1860 साली हेन्रीने नळीखालच्या पन्हळीत पंधरा-सोळा काडतुसे सामावणारी, तरफ खाली-वर करताच रिकामी पुंगळी फेकून नवे काडतूस पुढे आणणारी रायफल सिद्ध केली. 1866 च्या नमुन्यात नेल्सन किंग याने उजव्या अंगाला काडतुसे भरण्याची खिडकी ठेवली, त्यामुळे भरण्यासाठी बंदूक उभी धरण्याचा खटाटोप संपला. पुढे 1873 चा नमुना आला, आणि त्याच्याबरोबर ते काडतूस आले ज्याची मोहिनी कोल्टवरही पडली.

त्या काडतुसाचे नाव .44-40: म्हणजे नाममात्र .44 मापाची गोळी आणि चाळीस ग्रेन काळी दारू. गोळीचे वजन दोनशे ग्रेन, म्हणजे जेमतेम तेरा ग्रॅम. आधीच्या हेन्रीच्या काडतुसात स्फोटक द्रव्य पुंगळीच्या काठात भरलेले असे, आणि काठ एकदा ठेचला गेला की ती पुंगळी कायमची निकामी होई. या नव्या काडतुसाची टोपी बुडाच्या मध्यभागी असल्यामुळे ती काढून दुसरी बसवता येत असे. हा भेद कारखान्याच्या दफ्तरात किरकोळ वाटेल, पण रेल्वेपासून चार-पाच दिवसांच्या वाटेवर राहणाऱ्या गुराख्याच्या दृष्टीने तो फार मोलाचा होता. विंचेस्टर कंपनी स्वतःच अडकित्त्याच्या घडणीचे एक लोखंडी अवजार विकत असे. रात्री शेकोटीशी बसून त्याने जुनी टोपी काढावी, नवी दाबावी, चाळीस ग्रेन दारू मापून ओतावी, वितळलेले शिसे साच्यात ओतून गोळी पाडावी, आणि शेवटी अवजाराच्या दांड्या आवळून पुंगळीचे तोंड गोळीभोवती घट्ट करावे. एवढे केले की ते काडतूस सकाळी कमरेच्या कोल्टमध्येही चाले आणि मांडीखालच्या म्यानातील कार्बाइनमध्येही चाले.

शिवाय, कार्बाइनमधून तेच काडतूस अधिक जोराने सुटते. रिव्हॉल्व्हरचे चक्र आणि नळी यांच्यामध्ये जी बारीक फट असते, तिच्यातून वायू निसटतो, आणि नळी आखूड असल्याने दारू पुरती जळण्याआधीच गोळी बाहेर पडते. कार्बाइनच्या वीस इंची नळीत ही दोन्ही नुकसाने टळतात. वेगाचा हा लाभ सेकंदाला कित्येक शे फुटांचा होतो. पण कार्बाइनचा खरा फायदा वेगात नाही. दस्ता खांद्याला टेकला आणि नेमाच्या दोन खुणांमध्ये हातभर अंतर पडले की, ज्याच्या हातून पिस्तुलाने पंचवीस पावलांवरचे झाड चुकते, असा सामान्य माणूस शंभर पावलांवरचे हरीण पाडू शकतो. धक्का सौम्य, बारा काडतुसांचा साठा, आणि जंगलझाडीतून घोडा हाकताना आड न येणारी लांबी, एवढे गुण एका हत्यारात एकवटलेले असताना त्याला गिऱ्हाइके मिळाली नसती तरच नवल. 1873 च्या नमुन्याच्या सात लाखांहून अधिक बंदुका त्या कारखान्याने बनवल्या.

तरीही अमेरिकेच्या लष्कराने ती घेतली नाही, आणि या नकाराची कथा मला विकत घेणाऱ्यांच्या उत्साहापेक्षा अधिक उद्बोधक वाटते. 1872 साली ब्रिगेडियर जनरल आल्फ्रेड टेरी याच्या अध्यक्षतेखाली लष्कराने एक मंडळ नेमले; त्याने शंभराच्या आसपास बंदुका तपासून अखेर एकबारी स्प्रिंगफील्डची निवड केली. तिच्या रायफलीच्या काडतुसात सत्तर ग्रेन दारू आणि घोडदळाच्या कार्बाइनच्या काडतुसात पंचावन्न ग्रेन दारू असून, गोळी चारशे पाच ग्रेनांची, म्हणजे विंचेस्टरच्या दुपटीहून जड होती. विंचेस्टरच्या आतील सांधा असल्या काडतुसाचा दाब सोसण्याइतका बळकट नव्हताच. आपल्याकडच्या जुन्या परिभाषेत सांगायचे तर हा शिलेदार आणि बारगीर यांच्या हिशेबातील फरक होता. शिलेदाराचे हत्यार त्याच्या स्वतःच्या पैशाचे. चाळीस मैलांवरच्या दुकानात काय मिळते, पाठीवरच्या थैलीत किती मावते आणि झाडीतून अवचित समोर आलेल्या संकटाला किती लवकर उत्तर देता येते, एवढे पाहून तो हत्यार निवडतो. बारगिराला हत्यार सरकारी पागेतून मिळते, त्याचा दारूगोळा गाड्यांवरून मागाहून येतो, आणि सरकारला चिंता असते ती पाचशे पावलांवरच्या शत्रूची व शिपायांनी काडतुसे उधळून टाकण्याची.

पण सरकारी हिशेबालाही कधीकधी विलक्षण वळण मिळते. 25 जून 1876 रोजी मोंटाना प्रदेशातील लिटल बिगहॉर्न नदीकाठी अमेरिकी सेनानी कस्टर याच्या सातव्या घोडदळाची लाकोटा व शायेन योद्ध्यांशी गाठ पडली, तेव्हा त्यांच्या नदीकाठच्या वस्तीवर पहिला हल्ला चढवून मागे हटणारा मेजर मार्कस रेनो हा याच बंदूक-निवड मंडळाचा एक सदस्य होता. आणि दोन दिवसांनी तेथे पोचून कस्टर व त्याच्या पाच तुकड्यांची प्रेते पाहणारा वरिष्ठ सेनापती होता खुद्द टेरी. 1983 साली वणव्याने त्या माळावरचे गवत जळून गेल्यावर पुरातत्त्वज्ञांनी पुढल्या वर्षी तेथील माती चाळली, तेव्हा हेन्री आणि विंचेस्टर या दोन्हींच्या पुंगळ्या तिच्यात सापडल्या. एवढ्यावरून त्या आखूड काडतुसाने लढाई जिंकली असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. संख्याबळ, भूमी, आणि कस्टरने फौजेचे केलेले तुकडे यांचा वाटा त्यात कितीतरी मोठा आहे. परंतु अंतर मिटल्यावर एकबारी बंदुकीची लांब पल्ल्याची मातब्बरी फारशी कामास येत नाही, एवढे त्या मातीने दाखवले.

ज्याने या दोन्ही हिशेबांची एकदम जमवाजमव केली तो सेनापती तुर्कांचा होता. बल्गेरियातील प्लेव्हना येथे 1877 च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत उस्मान पाशाने रशियन फौजा थोपवून धरल्या, तेव्हा त्याच्या शिपायांजवळ दूरच्या माऱ्यासाठी पीबॉडी-मार्टिनी ही एकबारी रायफल होती, आणि तुर्की सरकारने काही वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेल्या 1866 च्या नमुन्याच्या पन्नास हजार विंचेस्टरांपैकीही पुष्कळ होत्या. रशियन शिपाई दूर असेतोवर लांब पल्ल्याची रायफल, आणि ते दोनशे पावलांच्या आत आले की ती खाली ठेवून विंचेस्टर, असा तो क्रम होता. रशियनांची त्यात अपरिमित हानी झाली. अर्थात, दोन हत्यारे व दोन काडतुसे प्रत्येक शिपायाजवळ ठेवणे हे खंदकात बसलेल्या फौजेलाच परवडते. ज्याला सगळा सरंजाम घोड्यावर लादून फिरायचे, त्याला दोहोंपैकी एकाचीच निवड करणे प्राप्त होते.

येथे एका लोकप्रिय समजुतीचाही निकाल लावला पाहिजे. पश्चिमेतील प्रत्येक गुराखी एकच काडतूस दोन्ही हत्यारांत वापरी, असे चित्रपटांनी आपल्या मनावर ठसवले आहे. वस्तुतः कोल्टच्या रिव्हॉल्व्हरचे सर्वांत प्रचलित काडतूस .45 हे होते, आणि त्याच्या बुडाचा काठ इतका अरुंद होता की तरफेच्या बंदुकीतील आकड्याला ते धरून ओढता येणे कठीण. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात त्या काडतुसाची विंचेस्टर कधी निघालीच नाही. ज्याने हौसेने .45 चा कोल्ट घेतला, त्याला दोन थैल्या बाळगाव्याच लागल्या. समजुती घट्ट कशा बसतात याचा याच बंदुकीशी निगडित आणखी एक नमुना आहे. बिली द किड या कुप्रसिद्ध तरुणाचे जे जुने छायाचित्र उपलब्ध होते, त्यावरून तो डावखुरा असल्याचे पिढ्यानपिढ्या मानले गेले, 1958 साली त्यावर चित्रपटही निघाला. पण चित्रातील 1873 च्या कार्बाइनची काडतुसे भरण्याची खिडकी डाव्या बाजूला दिसते, आणि ती खिडकी त्या बंदुकीला नेहमी उजवीकडेच असते. पत्र्यावरचे ते छायाचित्र आरशातल्यासारखे उलटे उमटले होते, आणि तो बिचारा उजखोराच होता!

जॉन ब्राउनिंग या यूटातील असामान्य कारागिराने 1892 साली विंचेस्टरसाठी याच काडतुसांची, पण पूर्वीपेक्षा हलकी आणि कितीतरी बळकट कार्बाइन घडवली. यंत्र म्हणून ती या सर्वांत सुंदर. परंतु तिच्याच बळकटपणातून जुन्या सोयीवर घाला पडला. विसाव्या शतकाच्या आरंभी कंपनीने बिनधुराच्या दारूची, अधिक वेगाची .44-40 काडतुसे काढली, आणि ती 1892 च्या नमुन्यासाठीच आहेत, रिव्हॉल्व्हरमध्ये वापरू नयेत, असा इशारा त्यांच्या खोक्यावर छापावा लागला. बाहेरून सारखी दिसणारी दोन काडतुसे, आणि त्यातले एक कमरेच्या जुन्या हत्याराला झेपणारे नाही: एका थैलीचा सगळा फायदा ज्या निश्चिंततेत होता, तीच नाहीशी झाली. दरम्यान 1894 च्या नमुन्यातील .30-30 या बिनधुराच्या काडतुसाने तेवढ्याच वजनाच्या कार्बाइनला दुप्पट पल्ला दिला, आणि शिकाऱ्याने जुन्या काडतुसाकडे पाठ फिरवली.

त्यानंतरचा इतिहास कायद्याने घडवला आहे. शिकागोच्या टोळीयुद्धांनंतर 1934 साली जो राष्ट्रीय शस्त्रकायदा झाला, त्याच्या मसुद्यात पिस्तुलांनाही बंधन होते. रायफल कापून कोणी पिस्तुलासारखे लपवता येणारे हत्यार करू नये म्हणून अठरा इंचांहून आखूड नळीच्या रायफलीवरही दोनशे डॉलरांचा कर बसवण्यात आला. पुढे पिस्तुले मसुद्यातून वगळली गेली, पण नळीचे कलम तसेच राहिले. 1960 साली ते सोळा इंचांवर आले. आजची पिस्तुलाच्या काडतुसाची कार्बाइन नेमकी सोळा इंच नळीची का असते, याचे उत्तर या कलमात आहे. नऊ मिलिमीटरच्या काडतुसातील दारू त्याआधीच जवळपास जळून संपते, आणि उरलेली लांबी निव्वळ कायद्यासाठी वागवावी लागते.

भारतात हा प्रश्न खासगी माणसापुढे उभाच राहत नाही, कारण नऊ मिलिमीटर हे माप प्रतिबंधित आहे. बंदोबस्तावरील पोलिसाच्या खांद्यावर आपण जी सच्छिद्र नळीची कार्बाइन पाहत आलो, ती ब्रिटिश स्टर्लिंगच्या नमुन्यावर कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली. तिचे आणि इशापूरच्या सरकारी पिस्तुलाचे काडतूस एकच. म्हणजे तिकडे लष्कराने नाकारलेली सोय इकडे फक्त सरकारी नोकराच्याच वाट्याला आली.

अमेरिकेत मात्र 1985 साली मार्लिन कंपनीने 'कॅम्प कार्बाइन' काढली, तेव्हा जुन्या कल्पनेने एक पाऊल पुढे टाकले. नऊ मिलिमीटरच्या कार्बाइनमध्ये स्मिथ अँड वेसनच्या पिस्तुलाची आणि .45 च्या कार्बाइनमध्ये कोल्टच्या 1911 पिस्तुलाची काडतूसपेटी जशीच्या तशी बसत असे. आता केवळ काडतूस नव्हे, भरलेली पेटीच दोन हत्यारांत फिरू लागली. खर्चाने हे काडतूस रायफलीच्या काडतुसापेक्षा स्वस्त, आवाज व धक्का कमी, आणि ज्या बंदिस्त नेमबाजीच्या जागांत रायफलीच्या काडतुसाला मज्जाव असतो तेथेही बहुधा चालणारे; त्यामुळे सराव करणाऱ्याला ती मानवते. उलट बाजूला, तिचे वजन छोट्या रायफलीहून फारसे कमी भरत नाही, शंभर-सव्वाशे पावलांपुढे गोळी झपाट्याने खाली येते, आणि सोळा इंची नळीने नऊ मिलिमीटरच्या वेगात जी भर पडते ती जेमतेम दहा-पंधरा टक्के. ज्याच्याजवळ त्या पेटीचे पिस्तूल आधीपासून नाही, त्याने ती विकत घ्यावी असे एकही कारण मला तरी दिसत नाही. ज्याच्याजवळ आहे, त्याला दुकानदार पहिल्यांदा तीच पेटी दोन्ही हत्यारांत बसवून दाखवतो.