पतंगाला क्लब कशाला?



मी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. कारखान्यातली, पण सॉफ्टवेअरची. जेवणाच्या सुट्टीत आम्हा सात-आठ जणांच्या डोक्यात एक किडा वळवळतोय. इथे पतंग उडवणाऱ्यांचा एक क्लब काढायचा, नुसता शेंद्र्याचा नाही तर मराठवाड्याचा. कल्पना मांडल्या मांडल्या एका सीनिअरने विचारलं, "अरे, पतंगाला क्लब कशाला? गच्ची आहे, मांजा आहे, वारा आहे. झालं की!"

प्रश्न एकदम रास्त आहे. क्रिकेटला अकरा माणसं लागतात, पतंगाला एक पुरतो. मग क्लब कशाला? उत्तर शोधायला मी बराच मागे गेलो, आणि गंमत म्हणजे फार लांब जावं लागलं नाही. सगळं आपल्याच आसपास निघालं.

सुरुवात नामदेवांपासून करू. संत नामदेव (१२७० ते १३५०) हे नाव काढलं की आपल्याला पंढरपूर आठवतं. पण त्यांचं नाव हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीशीही जोडलेलं आहे, आणि त्या गावाला आज नर्सी नामदेव असंच म्हणतात. म्हणजे आपल्या मराठवाड्यातलेच! त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत. त्यातल्या एका पदात चक्क पतंग आहे. मुलगा कागद आणतो, त्याचा पतंग करतो, आकाशात सोडतो. मित्रांशी गप्पा मारत असतो, पण चित्त मात्र दोरीवर. पुढे डोक्यावर घागर घेऊन हसत-बोलत चाललेल्या मुली येतात, वासराला घरी ठेवून लांब चरायला गेलेली गाय येते. सगळ्यांचं तेच, अंग एकीकडे आणि लक्ष दुसरीकडे. भारतीय साहित्यातल्या पतंगाच्या सगळ्यात जुन्या उल्लेखांमध्ये हे पद मोजलं जातं.

आता यातला आध्यात्मिक अर्थ सांगायचा माझा अधिकार नाही. पण पतंग उडवणारा म्हणून एक सांगू शकतो. हे पद ज्याने रचलं त्याने पतंग नुसता पाहिला नव्हता, पतंग उडवणाऱ्याचे हात आणि डोळे नीट पाहिले होते. सातशे वर्षं झाली, पण गच्चीवरचं पोरगं आजही तसंच. तोंड मित्रांकडे आणि बोट दोरीवर.

नामदेवांच्या त्या पदात पतंगाला 'गुडी' म्हटलंय. पुढे पैठणच्या एकनाथांच्या आणि नंतर तुकोबांच्या काव्यात शब्द येतो 'वावडी'. आता हा शब्द पतंगासाठी फारसा ऐकू येत नाही. पण 'वावड्या उठवणे' आपण रोज म्हणतो ना? अप्रेझलच्या महिन्यात तर जास्तच! :-) अफवांना वावड्या म्हणतो, पण ती वावडी मुळात कागदाची होती हे विसरून गेलो. खेळ राहिला, शब्द दुसरीकडे गेला.

बरं, पतंगाला कागद लागतो, आणि कागदाची गोष्टही इथलीच आहे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतं. १३२७ मध्ये महंमद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली. त्या धामधुमीत कागद बनवणारे कारागीर इथे आले आणि स्थायिक झाले, अशी परंपरा सांगते. हातकागदासाठी हे गाव पुढे कित्येक शतकं ओळखलं गेलं. नामदेवांचा पतंग कागजीपुऱ्याच्या कागदाचा होता असं मी म्हणत नाही (ती नवीन वावडी होईल). पण पतंगाचं पद आणि कागदाचं गाव, दोन्ही एकाच काळातली आणि एकाच मुलखातली, एवढं तरी म्हणता येतं.

आता आमचं शेंद्रा. लोक शेंद्रा म्हटलं की २००१ मध्ये सुरू झालेला स्कोडाचा कारखाना सांगतात, अलीकडे 'ऑरिक' सांगतात. पण मूळ गावाचं नाव शेंद्रा कमंगर. फारसीत कमानगर म्हणजे धनुष्य बनवणारा. आणि आपल्या पतंगात दोनच काड्या असतात, एक उभी आणि दुसरी आडवी, धनुष्यासारखी वाकवलेली. तिला म्हणतात कमान. नावाचा योगायोग म्हणा, पण पतंग क्लबसाठी याहून चांगला पत्ता कुठला मिळणार?

ही कमानच आपल्या पतंगाचं सगळं इंजिनिअरिंग आहे. आपल्या पतंगाला शेपूट नसते, त्यामुळे तो मुद्दाम अस्थिर असतो. दोर ताणला की वाऱ्याच्या दाबाने कमान आणखी वाकते, दोन्ही पंख जरा मागे जातात आणि पतंग नाकासमोर सरळ सुटतो. ढील दिली की कमान सैल होते, पतंग सपाट होतो आणि जागेवर गिरक्या घेऊ लागतो. नाक हवं तिकडे वळलं की पुन्हा ताण द्यायचा. एकच दोर, दोनच कमांड, खेच आणि ढील, आणि त्यावर अख्खं आकाश फिरता येतं. इतका छोटा इंटरफेस मी आजवर कुठल्याच प्रॉडक्टमध्ये पाहिलेला नाही.

हे पुस्तकात वाचून येत नाही. कन्नी किती वर-खाली बांधायची, जड पतंग कुठल्या वाऱ्याला काढायचा, पेच लागल्यावर खेचायचं की सोडायचं, हे सगळं कुणाच्या तरी शेजारी आसारी धरून उभं राहूनच शिकायचं असतं. म्हणजेच पतंग एकट्याचा खेळ नाहीच. एक उडवणारा, एक आसारी धरणारा, एक लांब जाऊन पतंग सोडणारा, आणि समोरच्या गच्चीवरचा दुश्मन. चार माणसं झाली बघा!

याचं जिवंत उदाहरण येवला. पैठणीचं गाव. तिथे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. पतंग कटला की "गई बोला रे धिना" अशी आरोळी उठते. येवल्याला वेगळा क्लब लागत नाही, कारण गावच क्लब आहे. पोरांना शिकवायला काका आहेत, आसारी बनवणारे कारागीर आहेत, आणि कोण कसं खेळतो यावर सगळ्या गल्लीचं लक्ष आहे.

मग क्लब कुणाला लागतो? जिथे हे आपोआप होणं थांबलंय त्यांना. जगभर बघा. अमेरिकेत १९६४ साली न्यू मेक्सिकोतल्या रॉबर्ट इन्ग्रॅम नावाच्या गृहस्थाने अमेरिकन काइटफ्लायर्स असोसिएशन सुरू केली. एवढ्या मोठ्या देशात पतंगवेडे विखुरलेले, एकमेकांना ठाऊकही नसलेले. त्यांना जोडलं ते संघटनेने आणि तिच्या नियतकालिकाने. जपानमध्ये १९६९ साली पतंगांची संघटना स्थापन झाली. ती कुणी सुरू करावी? टोकियोतल्या एका रेस्टॉरंटच्या मालकाने! शिंगो मोदेगी त्यांचं नाव. गावोगावचे जुने पतंग आणि ते बनवणारे म्हातारे कारागीर संपत चालले होते. मोदेगींनी पतंग जमवले आणि १९७७ मध्ये आपल्या रेस्टॉरंटच्या इमारतीतच संग्रहालय थाटलं. आपल्या शेजारी अहमदाबादेत भानुभाई शाहांनी आयुष्यभर जमवलेल्या पतंगांमधून शहराचं पतंग संग्रहालय उभं राहिलं, आणि १९८९ पासून तिथे आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव सुरू झाला. म्हणजे खेळ भरात असतो तेव्हा क्लबची कुणाला आठवण येत नाही. दोर हातातून निसटायला लागला की क्लब निघतात.

आणि आपल्याकडे दोर निसटलाय. अगदी शब्दशः.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या टीममधला एक जण बाईकवरून जालना रोडने येत होता. अचानक हनुवटीखाली काहीतरी ओढल्यासारखं झालं. नायलॉन मांजा. हेल्मेटचा पट्टा होता म्हणून थोडक्यात निभावलं, तरी सात टाके पडले. तो दोर कुणाचा, पतंग कुणाचा, काही कळायला मार्ग नाही. उडवणारा तोवर दुसरा पतंग चढवत असणार. त्या दिवसापासून तो गळ्याला मफलर गुंडाळल्याशिवाय गाडीला किक मारत नाही. आमच्या क्लबच्या कल्पनेला सगळ्यात जास्त विरोध त्याचाच आहे, आणि खरं सांगायचं तर ऐकण्यासारखा विरोधही फक्त त्याचाच आहे.

सुती दोर आणि नायलॉन यात फरक काय? साधा सुती दोर अंगावर ताणला गेला की बऱ्याचदा तुटतो. नायलॉन तुटत नाही, कापत जातो. सुती दोर पावसापाण्यात कुजून जातो, नायलॉन झाडावर वर्षानुवर्षं लटकतो आणि पाखरं त्यात अडकतात. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन आणि इतर कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली. तरी दर संक्रांतीला पोलिसांच्या धाडी, जप्त केलेली रिळं आणि जखमींच्या बातम्या, सगळं चालूच आहे.

मला यात आणखी एक गोष्ट खुपते, आणि ती फारशी कुणी बोलत नाही. नायलॉनने खेळ पण मारला. सुती मांजाने पेच लागला तर कौशल्य बघितलं जातं, ढील कधी द्यायची, खेच कधी घ्यायची. नायलॉनवाल्याला यातलं काहीच लागत नाही. दोर लावा आणि उभे राहा. व्हिडिओ गेममध्ये चीट कोड टाकल्यासारखं. जिंकणं स्वस्त झालं आणि शिकणं बंद पडलं. नामदेवांच्या पदातलं ते पोरगं आठवा. त्याचं चित्त दोरीवर होतं. नायलॉनने नेमकी हीच अट काढून टाकली, दोरीवर चित्त नसलं तरी चालतं. मग त्या दोरीच्या वाटेत कुणाचा गळा येतो हे तरी कोण बघणार?

बंदी घालणारा लवाद लांब आहे, पोलीस प्रत्येक गच्चीवर जाऊ शकत नाहीत. "अरे, हा दोर लावलास तर तू आमच्यात नाहीस," हे सांगणारं जवळचं कुणीतरी लागतं. येवल्यात हे काम गल्ली करू शकते. शेंद्र्यासारख्या ठिकाणी गल्लीच नाही. आम्ही कुणी जालन्याचे, कुणी बीडचे, कुणी लखनौचे, तर कुणी बंगालचे. बंगाली मित्र सांगतो की कोलकात्यात पतंग संक्रांतीला नाही, सप्टेंबरमध्ये विश्वकर्मा पूजेला उडवतात. प्रत्येकाची पतंगाची तारीख वेगळी, शब्द वेगळे. इथे गल्ली मुद्दाम बनवावी लागेल. त्या बनवलेल्या गल्लीला क्लब म्हणायचं, बस्स!

जाता जाता कायद्याची गंमत. आपल्या १९३४ च्या विमान कायद्यात 'विमान' या शब्दाच्या व्याख्येत चक्क पतंगही धरलेला होता! १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला. पण आमच्यासाठी हा नुसता विनोद नाही. चिकलठाण्याचा विमानतळ शहर आणि शेंद्रा यांच्या मधेच, त्याच जालना रोडवर आहे. म्हणून जागा ठरवण्याआधी रीतसर विचारणा करायची, हे आमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे.

बाकीची यादी छोटी आहे. दोर फक्त सुती. पेच फक्त मैदानात, रस्त्यापासून आणि विजेच्या तारांपासून लांब. खेळ संपल्यावर पडलेला दोर गोळा केल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. आणि वर्षातून एकदा जुन्या शहरातल्या एखाद्या पतंग बनवणाऱ्या चाचांना बोलावून कमान कशी तासायची ते शिकायचं, रीतसर मानधन देऊन.

एका मुद्द्यावर मात्र अजून भांडण चालू आहे. आमचा मफलरवाला म्हणतो, मांजाच नको, साध्या दोऱ्यावर उडवा, काच लावलेला सुती दोरसुद्धा कापतोच. ज्युनिअर पोरं म्हणतात, पेच नसेल तर येणार कोण? मला दोघांचंही पटतं. पण संक्रांतीच्या आत ठरवायचं आहे, आणि पहिलं वर्ष साध्या दोऱ्यावर काढावं असं माझं मत बनत चाललंय. त्याच्या गळ्यावरची खूण रोज जेवताना समोर दिसते. तो पहिल्या दिवशी मैदानावर आला, तर क्लब सुरू झाला असं मी समजेन.