नाकाची शस्त्रक्रिया (राइनोप्लास्टी): निर्णय घेण्याआधी काय माहीत असावे

स्थळांच्या जाहिरातींत 'नाकीडोळी नीटस' अजून लिहिले जाते आणि 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' ही म्हणही अजून कानावर पडते. मराठी घरांत नाकावरून होणारी टिंगल जुनी आहे. ते नाक बदलून घेता येते ही माहिती मात्र घरोघरी पोहोचली ती अलीकडे, बहुतेकदा मोबाइलवरच्या 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंतून. त्या दोन फोटोंच्या मधले वर्ष त्यात दिसत नाही. शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याला सर्वात जास्त माहिती हवी असते ती त्या वर्षाची.

नाकाचा आकार बदलण्याच्या शस्त्रक्रियेला राइनोप्लास्टी म्हणतात. नाकाचा वरचा साधारण एक तृतीयांश भाग हाडाचा असतो आणि खालचा भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ, लवचिक हाडाचा. मधोमध एक पडदा दोन नाकपुड्या वेगळ्या करतो. या सांगाड्यावर त्वचा ताणलेली असते. सर्जन सांगाडा कमी करतो, वाढवतो किंवा सरळ करतो. त्वचा तीच राहते आणि नव्या सांगाड्यावर हळूहळू बसते. निकाल दिसायला वेळ लागतो तो यामुळेच.

पुण्याजवळचे नाक

या शस्त्रक्रियेच्या इतिहासात पुण्याचे नाव ठळक आहे. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आले. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गाडीवान 1792 च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया स्वतः पाहिली होती.

पत्रातले वर्णन आजही थक्क करते. उरलेल्या नाकाच्या जागी मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक बसवून बघायचे, मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ मारायची. तेवढी त्वचा सोडवून घ्यायची, पण दोन डोळ्यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो. त्वचा फिरवून खाली आणायची, खाचेत बसवायची आणि सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काथाच्या पट्ट्या लावायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी ठेवायची. साधारण पंचविसाव्या दिवशी जोडपट्टी कापायची. सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेने नाक बनवण्याची पद्धत आहे. कपाळाची ही पद्धत मात्र जगभर गेली ती या पत्रानंतर. लंडनचे सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये ती करून पाहिली आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. कपाळावरची त्वचा वापरून नाक बांधण्याचे तंत्र आजही, विशेषतः कर्करोगात नाकाचा भाग गेल्यावर, वापरले जाते.

कावसजीची शस्त्रक्रिया गेलेले नाक परत आणण्यासाठी होती. धडधाकट नाक केवळ अधिक सुबक दिसावे म्हणून करण्याची शस्त्रक्रिया पुष्कळ नंतरची. अमेरिकेतले डॉ. जॉन ऑर्लँडो रो यांनी 1887 मध्ये नकट्या नाकावरच्या शस्त्रक्रियेचा लेख प्रसिद्ध केला, तो तिच्या सुरुवातीच्या टप्प्यातला. पुनर्रचना आणि सौंदर्य हा फरक कागदी वाटतो, पण विमा कंपनी काय देणार आणि बिलावर कर लागणार की नाही, हे आजही त्यावरच ठरते.

'हाड वाढलेय' म्हणजे काय?

नाक चोंदते म्हणून डॉक्टरकडे गेलेला माणूस बहुधा 'नाकाचे हाड वाढलेय' असे सांगत परततो. प्रत्यक्षात हाड वाढलेले नसते. मधला पडदा एका बाजूला वाकलेला असतो किंवा नाकाच्या आतल्या भिंतीवरचे मांसल उंचवटे ॲलर्जीने सुजलेले असतात. पडदा सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेला सेप्टोप्लास्टी म्हणतात. तिने श्वास सुधारतो, बाहेरचा आकार सहसा बदलत नाही. श्वास आणि आकार या दोन्ही तक्रारी असतील तर दोन्ही एकत्र करता येतात.

म्हणून आधी कान-नाक-घसा तपासणी करून घ्यावी. दुर्बिणीने आतून पाहिले की काही मिनिटांत बरेच कळते. उलट बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे. आतल्या वाटेचा विचार न करता नाक बारीक केले, तर चांगला चालणारा श्वास कोंडू शकतो.

काय बदलते, काय नाही

दांडीवरचा उंचवटा घासून कमी करता येतो, वाकडे नाक बऱ्याच अंशी सरळ करता येते, फेंदारलेल्या नाकपुड्या आत घेता येतात, शेंडा उचलता किंवा आटोपशीर करता येतो. बसके नाक उंच करायला भर घालावी लागते. ती शक्यतो स्वतःच्याच कूर्चेची असते: आधी मधल्या पडद्यातून, ती कमी पडली तर कानामागून, जास्त लागली तर बरगडीतून. सिलिकॉनचा तुकडाही बसवतात, पण त्यात पुढे जंतुसंसर्ग होण्याचा किंवा तो त्वचेतून बाहेर येण्याचा धोका असतो.

आपल्याकडे अनेकांच्या शेंड्याची त्वचा जाड असते. अशा त्वचेखाली कूर्चा कितीही कोरली तरी धारदार शेंडा दिसत नाही. तेथे सांगाड्याला आधार देऊन आकार आणावा लागतो. एखाद्या अभिनेत्रीचा फोटो दाखवून 'असेच हवे' म्हणणाऱ्याला चांगला सर्जन हे पहिल्याच भेटीत सांगतो. संगणकावर करून दाखवलेले चित्रही हमीपत्र नसते, ते दोघांच्या मनात एकच नाक आहे ना हे तपासण्यापुरते असते.

सेल्फीवरून मात्र काहीच ठरवू नये. कॅमेरा जवळ असला की चेहऱ्याचा पुढे आलेला भाग मोठा दिसतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक 5 फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसते, असे गणित मांडले होते.

चेहऱ्याची वाढ पूर्ण झाल्याशिवाय ही शस्त्रक्रिया करत नाहीत. मुलींत ती साधारण 15-16 व्या वर्षी, मुलांत 17-18 व्या वर्षी होते. वय 18 च्या आत असेल तर पालकांची संमती लागते, पण केवळ पालकांची इच्छा पुरेशी नाही. 'स्थळे नाकावरून परत जातात' म्हणून आईने किंवा मावशीने आणलेल्या मुलीशी डॉक्टरांनी एकट्याने बोलायला हवे. दिवसाचे कित्येक तास आरशासमोर जात असतील, इतरांना न दिसणारा दोष सतत सलत असेल, तर तो देहप्रतिमेचा मानसिक विकार असू शकतो. त्यात शस्त्रक्रियेने समाधान मिळत नाही, खटकणारी जागा फक्त बदलते. तेथे आधी मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते.

शस्त्रक्रियेचा दिवस

शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन होते आणि दोन-तीन तास चालते. बरगडीची कूर्चा घ्यायची असेल तर जास्त. बंद पद्धतीत सगळे छेद नाकपुड्यांच्या आत असतात. खुल्या पद्धतीत दोन नाकपुड्यांमधल्या त्वचेच्या दांडीवर एक लहान छेद घेऊन त्वचा वर उचलतात. व्रण राहतो, पण तो सहसा पुसट होतो. कोणती पद्धत योग्य हे काम किती अवघड आहे त्यावर ठरते.

सिगारेट, तंबाखू, मिश्री हे सगळे काही आठवडे आधीपासून बंद करावे लागते. निकोटीन तोंडात ठेवलेल्या तंबाखूतूनही रक्तात जाते आणि जखम भरण्यात अडथळा आणते. रक्त पातळ करणारी औषधे, ॲस्पिरिन, आयुर्वेदिक काढे, जे काही चालू असेल ते डॉक्टरांना सांगावे. मनाने काही बंद करू नये. नाकातली चमकी किंवा मोरणी आदल्या दिवशीच काढून ठेवावी.

पुढचे वर्ष

पहिल्या रात्री दुखण्यापेक्षा कोंडल्याचाच त्रास जास्त होतो. नाकात बोळे किंवा आतल्या पट्ट्या असतात, तोंडाने श्वास घ्यावा लागतो, घसा कोरडा पडतो. उशा रचून डोके उंच ठेवून झोपावे लागते. डोळ्यांखाली काळे-निळे होते आणि ते उतरायला दहा-पंधरा दिवस लागतात. बाहेरचे प्लास्टर साधारण आठवड्याने निघते. ते निघाल्यावर आरशात दिसणारे नाक सुजलेले, कधी कधी आधीपेक्षा मोठे असते. अनेकांचा धीर येथे सुटतो. हा निकाल नसतो. बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते, शेंड्याची उरलेली सूज जायला वर्ष लागते आणि जाड त्वचेत त्याहूनही जास्त.

दोन आठवडे तरी नाक शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यायची. चष्म्याचा भार चार ते सहा आठवडे नाकावर पडू द्यायचा नाही. टेबलावरचे काम आठवडा-दहा दिवसांत सुरू करता येते.

कासारवाडीत राहून भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात जाणाऱ्याचे गणित मात्र वेगळे आहे. सुरक्षा गॉगल थेट नाकाच्या दांडीवर बसतो, धुळीचा किंवा रंगखात्यातला मास्क त्यावर दाबून बसवावा लागतो आणि दोन्ही टाळणे धोक्याचे. तोंड झाकणारे हेल्मेट घालता-काढताना नाकावर घासते. हेल्मेट नको म्हणून उघड्या डोक्याने दुचाकी चालवणे हा तर मार्गच नव्हे. त्या काळात कासारवाडीहून लोकल, मेट्रो किंवा कंपनीची बस बरी. वजन उचलण्याचे काम तीन-चार आठवडे बंद. म्हणून रजा मागण्याआधी सर्जनला आपले काम नेमके सांगावे: कोणते खाते, कोणते साधन तोंडावर, किती वजन. 'कंपनीत आहे' एवढे सांगून भागत नाही. कबड्डीसारखे धक्काबुक्कीचे खेळ काही महिने दूर ठेवावेत.

वास घेण्याची शक्ती काही आठवडे मंदावते. घरात सिलिंडर असेल तर गॅस गळतीचा वास आपल्याला येणार नाही हे इतरांना सांगून ठेवावे. शेंडा आणि वरचा ओठ काही महिने बधिर वाटतो.

लग्न ठरल्यावर शस्त्रक्रियेचा विचार करणे म्हणजे उशीर करणे. साखरपुडा दीड महिन्यावर असताना केलेले नाक फोटोंत सुजलेलेच दिसेल. समारंभाच्या आधी किमान सहा महिने, जमल्यास वर्ष हातात असावे. नथ टोचलेल्या छिद्रातली असो की दाबाची, केव्हा चालेल हे नाकपुडीवर काय केले त्यावर ठरते. ते विचारून घ्यावे.

काय बिघडू शकते

रक्तस्राव, जंतुसंसर्ग, श्वास कोंडणे, मधल्या पडद्याला छिद्र पडणे, दोन बाजू सारख्या न येणे हे माहीत असलेले धोके आहेत. वास कायमचा जाणे दुर्मीळ आहे. जोराचा किंवा न थांबणारा रक्तस्राव, ताप, वाढत जाणारी वेदना, दृष्टीत फरक यांपैकी काही झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

शंभरातल्या साधारण पाच ते पंधरा जणांना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागते, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ती किमान वर्षभराने करतात. आतले व्रण आणि कमी उरलेली कूर्चा यांमुळे ती पहिलीपेक्षा अवघड असते.

'बिनाशस्त्रक्रियेचे नाक' म्हणून जे विकले जाते ते फिलरचे इंजेक्शन असते. त्याने खळगा भरतो, नाक लहान होत नाही, आणि परिणाम काही महिन्यांनी विरतो. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असल्याने फिलर चुकीच्या जागी गेला तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाऊ शकते. ब्युटी पार्लरमध्ये हे घेऊ नये. ऑनलाइन मिळणाऱ्या, नाक सरळ करणाऱ्या चिमट्यांनी काहीच होत नाही.

डॉक्टर आणि पैसे

हे काम एमसीएच प्लास्टिक सर्जन करतात, तसेच नाकाच्या शस्त्रक्रियेचे खास प्रशिक्षण घेतलेले कान-नाक-घसा सर्जनही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासावी आणि वर्षातून अशा किती शस्त्रक्रिया करता हे सरळ विचारावे. कासारवाडीपासून मेट्रोने दोन स्थानकांवर असलेल्या संत तुकारामनगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि डॉ. डी. वाय. पाटील रुग्णालय आहे. श्वासाच्या तक्रारीची पहिली तपासणी अशा मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात करून घेतली, की मग खासगी दवाखान्यातला सल्ला पारखायला सोपे जाते.

आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा आरोग्यासाठी आवश्यक उपचार वेगळे. जीएसटीचाही तसाच भेद आहे: आरोग्यसेवेला सूट, पण सौंदर्य शस्त्रक्रियेला नाही, जन्मजात व्यंग किंवा इजा दुरुस्त करायची असेल तर ती सूट मिळते. त्यामुळे वाकड्या पडद्याची सेप्टोप्लास्टी आणि आकाराचे काम एकाच वेळी होणार असेल, तर दोन्हींचा खर्च वेगळा दाखवून मागावा आणि विमा कंपनीची मंजुरी आधी घ्यावी. सौंदर्याचे काम विम्यात बसवण्यासाठी कागदावर 'पडदा' लिहून देतो असे कोणी म्हणाले तर तेथून उठावे. दावा नाकारला गेला तर अडचण रुग्णाचीच होते.

अंदाजपत्रक लेखी हवे. त्यात सर्जन, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, खोली, औषधे, कर आणि नंतरच्या तपासण्या वेगवेगळ्या दिसाव्यात. वर्षभराने दुरुस्ती लागली तर सर्जन आपले शुल्क घेणार का, आणि भूल व शस्त्रक्रियागृहाचा खर्च कोण करणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.